खरकटे रात्री दारात नको

महोदय,

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल अभयारण्यापासून फार दूर नसलेल्या आमच्या गावात रात्री केळीच्या बागांतून रानडुकरे आणि कोल्हे वस्तीत शिरतात व दारासमोर ठेवलेल्या कचऱ्याच्या बादल्या उलथवतात. परवा पहाटे आमची बादली अंगणात आडवी पडली होती, शिळ्या भाताची पिशवी फाडून चाटूनपुसून साफ केलेली होती आणि ओल्या मातीत उमटलेले खुरांचे ठसे थेट कुंपणापर्यंत गेले होते. पिशवीचा अर्धा भाग मात्र सापडलाच नाही. अन्नासोबत प्लॅस्टिकही त्या मुक्या जिवांच्या पोटात जाते, याचे मला भीतीपेक्षा अधिक दुःख होते.

ओला व सुका कचरा घरीच वेगळा करणे घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केले. तरीही घंटागाडी सकाळी लवकर येते म्हणून आपण खरकटे, केळीची साले, पिशव्या सारे एकत्र करून रात्रीच बाहेर ठेवतो. खरकटे घट्ट झाकणाच्या डब्यात घरात ठेवून घंटा ऐकल्यावरच बाहेर आणावे, ही गावकऱ्यांना कळकळीची विनंती आहे. त्यासाठी गाडीची वेळ मात्र रोज पाळली गेली पाहिजे.

– एक वाचक, ता. यावल, जि. जळगाव