निलंबनानंतर चौकशीचे काय?

महोदय,

सातारा जिल्ह्यातील पोलीस कर्मचाऱ्यांच्या निलंबनाचे वृत्त वाचले. ‘अखेर कारवाई झाली’ हा त्यातील सूर पटत नाही. निलंबन ही शिक्षा नव्हे. दोष ठरतो विभागीय चौकशीत, आणि घोडे पेंड खाते ते तिथेच.

तीन महिन्यांत विभागीय चौकशीचे दोषारोपपत्र (आरोपांचे लेखी निवेदन) दिले नाही तर निलंबन लांबवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले. राज्य सरकारनेही ९ जुलै २०१९ रोजी तसा शासन निर्णय काढला. पण ही मुदत गाठण्यासाठी घाईत तयार झालेल्या दोषारोपपत्रात तारीख-वेळेशिवाय मोघम आरोप असतात, स्टेशन डायरीची (ठाण्यातील रोजच्या नोंदवहीची) प्रत कर्मचाऱ्याला मिळत नाही, प्राथमिक चौकशीतले जबाब उलटतपासणीविनाच ग्राह्य धरले जातात. अशा त्रुटींवर कोल्हापूर पोलीस परिक्षेत्राच्या वरिष्ठांकडील अपिलात किंवा ‘मॅट’मध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) शिक्षा टिकत नाही आणि दोषीही सुटतो. निर्दोष माणसाची फरफट वेगळीच! हाती जेमतेम अर्धा पगार, पदोन्नतीचा निर्णय चौकशी संपेपर्यंत मोहोरबंद पाकिटात, आणि त्याच्याकडच्या गुन्ह्यांचा तपास नव्या अंमलदाराच्या टेबलावर पडून.

निलंबनाबरोबरच दोषारोपपत्राची आणि अंतिम आदेशाची तारीखही पोलीस अधीक्षक कार्यालयाने जाहीर करावी. आपणही ती छापावी.

– एक वाचक, कऱ्हाड (जि. सातारा)