वॉन पडली हे कळलं, जिंकलं कोण?

संपादक महोदय,

कालच्या अंकात क्रीडा पानावर अमेरिकेच्या स्कीइंगपटू लिंडसे वॉनचा चांगला पाव पानाचा फोटो छापलात, बर्फात आडवी पडलेली, आणि मथळा काय तर '४१व्या वर्षी हट्ट नडला'. बातमी दोनदा वाचली, पण रविवारी इटलीत कोर्टिनाला हिवाळी ऑलिम्पिकमधलं बायकांचं डाउनहिल (बर्फाच्या डोंगरउतारावरून स्कीवर सुसाट खाली यायची शर्यत) जिंकलं कोणी हे त्यात कुठ्ठेच नाही! रेस झाली ना हो? की वॉनला हेलिकॉप्टरने नेल्यावर बाकीच्या पोरी पण घरी गेल्या?

तर सांगते. अमेरिकेचीच ब्रीझी जॉन्सन जिंकली. जर्मनीची एमा आयखर ०.०४ सेकंदाने मागे राहिली आणि ब्राँझ इटलीच्या सोफिया गॉजाला, घरच्या लोकांसमोर. आणि बातमीच हवी होती तर ही घ्या की जानेवारी २०२२ मध्ये याच कोर्टिनाला जॉन्सन आणि गॉजा दोघी आपटल्या होत्या, जॉन्सनचं बीजिंग ऑलिम्पिक त्यातच गेलं, आणि गॉजा मात्र गुडघा दुखावलेला, पायाचं हाड मोडलेलं अशी २३ दिवसांत बीजिंगच्या डाउनहिलला उभी राहिली आणि सिल्वर घेऊन आली. तिचा हट्ट नाही नडला वाटतं.

वॉनचं म्हणाल तर डिसेंबरात सेंट मॉरिट्झ आणि जानेवारीत झाउखेनझे अशा दोन वर्ल्ड कप रेस ती याच ४१व्या वर्षी जिंकली, तेव्हा तुमच्याकडे चार ओळी पण नव्हत्या. ३० जानेवारीला गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं हे खरं, पण त्यानंतर तिने कोर्टिनाला ट्रेनिंग रन केले, आणि परवा पडली ती हात गेटमध्ये (मार्ग दाखवायला रोवलेले खांब असतात ते) अडकून, गुडघ्याचा काही संबंध नाही असं तिने स्वतःच लिहिलंय. ताशी १२० किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या खेळात काही इंचांनी लाइन, म्हणजे उतरायची वाट, चुकली की कोणीही पडतं, विशीतली असो नाहीतर चाळिशीतली. पण वय हे कारण तुम्हाला सोयीचं, मथळ्यात बसतं.

हे आजचं नाही. २०१४ ला सोची ऑलिम्पिकच्या बायकांच्या डाउनहिलमध्ये स्वित्झर्लंडची डॉमिनिक गिसिन आणि स्लोव्हेनियाची टीना माझे (हो, आडनावच आहे ते) दोघींची वेळ १:४१.५७, शंभराव्या भागापर्यंत सेम टू सेम. ऑलिम्पिक अल्पाइन स्कीइंगमध्ये गोल्ड विभागून द्यायची ती पहिलीच वेळ, सिल्वर कोणालाच नाही आणि लारा गुटला ब्राँझ. दोघी हात धरून पोडियमवर चढल्या. गिसिनच्या गुडघ्याची तोवर नऊ ऑपरेशनं झालेली, जिंकल्यावर रडत रडत आजी-आजोबांना फोन लावत होती, माझी मुलगी इन्सब्रुकला असते तिच्यामुळे मला या खेळाचं वेड, आम्ही दोघी इकडे तिकडे फोनवर रडतोय, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात 'संक्षिप्त' मध्ये एकटी माझे विजेती! मी ऑफिसला फोन केला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, एका रेसला दोन गोल्ड कशी असतील, तुम्हीच नीट बघा." बघितलं होतं म्हणूनच फोन केला ना! मग रीतसर पत्र पाठवलं, तेही छापलं नाहीत. दुरुस्ती तर अजून यायची आहे, मी वाट बघतेय, घाई नाही.

बरं, जागा नव्हती म्हणाल तर तेही पटत नाही. टी-ट्वेंटी वर्ल्ड कप सुरू आहे, मान्य, क्रिकेटला पानं लागतात. पण शनिवारी बोर्मियोला पुरुषांचं डाउनहिल झालं तेव्हा फ्रान्यो फॉन आल्मेनचं नाव, देश, सगळं छापलंत की, स्पेलिंग वेगळंच होतं ते सोडा. पुरुष जिंकले की निकाल आणि बायका पडल्या की फोटो, असा काही नियम असेल तर तो एकदा पहिल्या पानावर छापा, म्हणजे आम्ही इंटरनेटवर निकाल बघून मगच तुमचा पेपर उघडू.

आणि हो, रविवारच्या शब्दकोड्यात उभे १४ आणि आडवे १७ जुळत नाहीत. आमच्या ह्यांनी अर्धा दिवस घालवला त्यात. त्याचं उत्तर तरी बरोबर छापा.

कळावे,
एक जुनी वाचक, डोंबिवली पूर्व