फ्रेमची ने-आण थांबवणाऱ्या प्रोग्रामरला आभारपत्र

सप्रेम नमस्कार,

व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमधला इफेक्ट रेंडर करणारा, म्हणजे इफेक्ट लावून प्रत्येक फ्रेम (व्हिडिओतलं एकेक चित्र) तयार करणारा भाग तुम्ही मुळापासून नव्याने लिहिलात, त्याबद्दल रोज टाइमलाइनवर काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांतर्फे मनापासून आभार.

पहिले आभार मोजमापाचे. रेंडर रेंगाळलं की सगळे इफेक्टच्या गणिताला दोष देतात. तुम्ही डीकोड (फाइलमधून फ्रेम उलगडणं), रंगरूपांतर, इफेक्ट, एन्कोड (फ्रेम पुन्हा फाइलमध्ये बांधणं) यांचा वेळ वेगवेगळा मोजलात, तेव्हा खरा वेळ रॅम आणि जीपीयू (ग्राफिक्स कार्डाचा प्रोसेसर) यांच्यामधल्या फ्रेमच्या ने-आणीत जातो हे कळलं. ३८४०×२१६० ची एक फ्रेम ३२ बिट फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांत) लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता अशा चार चॅनेलसह सुमारे १३३ एमबी भरते. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे जवळपास ४ जीबी. पाच इफेक्ट लावले आणि प्रत्येकानंतर फ्रेम रॅममध्ये उतरून पुन्हा जीपीयूवर चढली, तर एकेका दिशेने सेकंदाला २० जीबी झाले; ग्राफिक्स कार्ड जोडणाऱ्या पीसीआयई ३.० मार्गाच्या १६ लेनवर एका दिशेची मर्यादाच सेकंदाला साधारण १६ जीबी आहे. एवढं झाल्यावर गणित कितीही चपळ केलं तरी काय उपयोग? आता फ्रेम एकदाच वर जाते आणि शेवटचा इफेक्ट झाल्यावरच खाली येते. मधले टप्पे १६ बिट फ्लोटमध्ये ठेवल्यामुळे तो भारही निम्मा झाला.

ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन यांना शेजारच्या पिक्सेलची गरज नसते, म्हणून ते तिन्ही तुम्ही एकाच शेडरमध्ये (जीपीयूवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामात) गुंफलेत. ब्लरला, म्हणजे चित्र धूसर करणाऱ्या इफेक्टला, शेजार लागतो, त्यामुळे तो वेगळाच राहणार. पण गॉसियन ब्लर आडवा आणि उभा असा दोन फेऱ्यांत करता येतो: त्रिज्या २० असेल तर दर पिक्सेलमागे १६८१ ऐवजी ८२ नमुने (वाचायचे पिक्सेल) पुरतात. क्लिप पाव रुंदी-उंचीत दाखवायची असेल तर आधी लहान करून मग ब्लर लावला की पिक्सेल सोळा पटींनी कमी होतात. त्रिज्याही पाव करायला मात्र विसरू नये, नाहीतर चित्र भलतंच धूसर दिसतं.

फ्रेमचे तुकडे करून रेंडर करताना सांध्यावर रेघ उमटायची, तीही तुम्ही घालवलीत. ५१२×५१२ च्या तुकड्याला चारही बाजूंनी ब्लरच्या त्रिज्येएवढी, २० पिक्सेलची किनार, म्हणजे ५५२×५५२ वाचायचं आणि मधलं तेवढंच ठेवायचं. एवढ्याशा किनारीने किती मनस्ताप वाचला!

कॅशेचं, म्हणजे तयार फ्रेम पुन्हा वापरण्यासाठी साठवण्याचं, कामही तितक्याच निगुतीने केलंत. जुनी फ्रेम ओळखताना फाइल, फ्रेम क्रमांक आणि इफेक्टच्या सेटिंगबरोबर रेझोल्यूशन व बिट डेप्थही (रंगाच्या एका आकड्यामागचे बिट) तपासली जाते. ही दोन राहून गेली, तर अर्ध्या आकाराच्या प्रीव्ह्यूची फ्रेम थेट अंतिम एक्स्पोर्टमध्ये शिरते, आणि ही चूक पाहणाऱ्याच्या नजरेस सहसा फार उशिरा येते. ग्रेनसारख्या (चित्रावर विखुरलेले दाणे टाकणाऱ्या) इफेक्टचा सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात, फ्रेम क्रमांकावरून घ्यायचं ठरवलंत, त्यामुळे तीच फ्रेम पुन्हा रेंडर केली तरी दाणे जागचे हलत नाहीत.

जीपीयूची मेमरी भरली की इफेक्टची साखळी बंद न पाडता लहान तुकड्यांवर उतरायची सोय ठेवलीत, याचे आभार तर वेगळेच मानायला हवेत. जुन्या, कमी मेमरीच्या कार्डांवर काम करणाऱ्यांचे रात्रभर लावलेले एक्स्पोर्ट आता सकाळी पूर्ण झालेले सापडतात.

आपले,
टाइमलाइनवरचे सगळे