आंभोऱ्याच्या नावेवरचे दोन इन्व्हर्टर : मिस्त्रीकाकांना आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

मागच्या उन्हाळ्यात आपण नागपूरहून आंभोऱ्याला येऊन माझ्या नावेची वायरिंग पाहिली. त्याबद्दल तोंडी आभार मानून माझे समाधान झाले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

नावेवर इंडक्शन शेगडी, मिक्सर आणि छोटा फ्रीज एकाच वेळी चालावेत, एवढीच माझी इच्छा होती. एक इन्व्हर्टर पुरेना, म्हणून मी तसाच दुसरा आणला आणि दुकानदाराच्या शब्दावर विसंबून दोघांच्या आउटपुटच्या तारा एकाच बोर्डात जोडायला निघालो होतो. आपण माझ्या हातातून पेचकस काढून घेतला आणि म्हणालात, "भाऊ, पहिले पुस्तिका वाचा, मंग तारा जोडा." त्या पुस्तिकेत पॅरलल जोडणीचा, म्हणजे दोन इन्व्हर्टरचे आउटपुट एकत्र जोडण्याचा, उल्लेखच नव्हता.

दोन्ही यंत्रांवर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ लिहिलेले असले, तरी दोघांच्या विजेच्या लहरी एकाच क्षणी वर-खाली होतीलच असे नाही, हे आपण मला वहीच्या पाठकोऱ्या पानावर काढून दाखवले. २३० व्होल्टची लहर प्रत्यक्षात सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढते. एक यंत्र वर आणि दुसरे खाली असताना त्यांची गाठ पडली, तर मधला फरक ६५० व्होल्टच्या घरात जातो आणि यंत्रे जळतात. पॅरललसाठीच बनवलेली, एकाच मॉडेलची आणि आपसात डेटा केबलने बोलणारी जोडी हवी, ज्यात एक मास्टर ताल देतो आणि दुसरे त्याच्यामागे चालते, हे तेव्हा कळले. जुने दोन्ही मी परत केले. दुकानदाराची कुरकुर आपणच निस्तरली.

नवी जोडी बसल्यावरही आपले समाधान झाले नाही, आणि खरे शिक्षण मला तिथे मिळाले. सगळा भार चालू करून आपण क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारे यंत्र) लावला, तेव्हा २४ व्होल्टच्या बॅटरीकडून एका इन्व्हर्टरला ८२ अँपिअर जात होते आणि दुसऱ्याला ५२. कारण साधे होते : जागा वाचवण्यासाठी मी एकाची केबल आखूड आणि दुसऱ्याची जवळजवळ दुप्पट लांब ठेवली होती, आणि लांब केबलचा अडथळा जास्त असल्याने तिकडे प्रवाह कमी जात होता. आपण सुतळीने माप घेतले, प्रत्येक इन्व्हर्टरच्या दोन अशा चारही केबल सारख्या लांबीच्या कापल्या, लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) दाबून बसवले आणि प्रत्येक लग पायाने केबल धरून ओढून पाहिला. त्यानंतर काटा ६८ आणि ६६ वर आला. आखूड केबलने काम भागत असताना तांबे वाया घालवायचे, हे मला आधी पटले नव्हते, हे कबूल करतो.

प्रत्येक इन्व्हर्टरला स्वतंत्र फ्यूज, तोही बॅटरीच्या अगदी जवळ, हा आपला आग्रहही मी पाळला आहे, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली तार घासून शॉर्ट झाली, तर तिला वाचवणारे काहीच नसते आणि नावेवरून उडी मारण्याखेरीज पळायला जागा नसते. बॅटरीच्या खोक्याला वरून हवेची वाटही ठेवली आहे.

दिवाळीनंतर बॅटऱ्या बदलायच्या आहेत. आपली सुतळी मीटरच्या डब्यातच आहे. आपण एकदा येऊन जोडणी तपासावी, जेवण नावेवरच होईल.

आपला कृतज्ञ,
आंभोऱ्याचा नाववाला