फिरतेय, बोटे टेकवून बघा : तपकीर गल्लीतील काकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आपले नाव मला ठाऊक नाही, पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या आपल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानावर पाटीही नाही, आणि त्या दिवशी मी आभार मानू लागलो तेव्हा आपण "मागच्यांना वाट द्या" एवढे म्हणून मला जिन्याकडे वळवलेत. म्हणून हे पत्र असे चारचौघांत लिहीत आहे.

मी कोथरूडला घरून अक्षरजुळणीचे आणि पाने लावण्याचे काम करतो. गणपतीच्या दिवसांत आमच्या धंद्यातल्या माणसाला आरतीलासुद्धा सवड नसते, कारण दिवाळी अंकांचे फर्मे, म्हणजे एकत्र छापायचे सोळा-सोळा पानांचे संच, तेव्हाच छापखान्यात जाऊ लागतात. ज्या सकाळी माझ्या संगणकाला हार्ड डिस्क दिसेनाशी झाली, त्या सकाळी तिच्यात एका अंकाची १४४ पाने, म्हणजे पुरते नऊ फर्मे, तपासून तयार होती आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. हा दोष सर्वस्वी माझा.

हा संगणक मी स्वतः सुटे भाग आणून जोडलेला आहे. त्याचा मला अभिमान होता. पुढच्या चार दिवसांत तो तीन जणांनी पद्धतशीर उतरवला. घरी आलेल्या तंत्रज्ञाने खुर्चीवर बसण्याआधीच "डिस्क गेली" असे सांगून नव्या डिस्कचा भाव ऐकवला. ज्या दुकानातून भाग घेतले होते, तेथे "यूट्यूब बघून जोडलाय ना? मग आमची जबाबदारी नाही" असे उत्तर मिळाले, आणि तेही शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात. डेटा परत मिळवून देणाऱ्या तिसऱ्या ठिकाणी माझी पिशवी उघडण्याआधीच अठरा हजारांचा आकडा आणि निम्मी रक्कम आगाऊ, असा हिशेब मांडला गेला. डिस्क दिसेनाशी होण्याआधी मी काय केले होते, हे या तिघांपैकी एकानेही विचारले नाही.

पाचव्या दिवशी रिक्षावाल्याने गर्दीमुळे अलका चौकातच उतरवले, तेव्हा चादरीत गुंडाळलेला कॅबिनेट पोटाशी धरून, लक्ष्मी रस्त्याच्या ढोल-ताशांतून वाट काढत मी आपल्या माडीवर पोहोचलो. धाप लागलेली होती. बोलण्यातही, आता आठवले की लाज वाटते, अजिजी आली होती. आपण आधी पाण्याचा तांब्या पुढे केलात आणि मग विचारलेत, "डिस्क दिसायची बंद झाली, त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं?"

मी सांगितले, की संगणक वेगाने चालावा म्हणून एम.२ची नवी एसएसडी, म्हणजे मदरबोर्ड या मुख्य पाटीवरच्या खाचेत थेट बसणारी, न फिरणारी डिस्क, बसवली होती. आपण नुसते "हं" म्हणालात. दोष कोठे आहे ते आपल्याला तेव्हाच कळले असावे, परंतु ते लगेच न सांगता आपण माझी डिस्क कॅबिनेटमधून काढलीत, वर्तमानपत्राच्या घडीवर आडवी ठेवलीत, टेबलाखालच्या जुन्या पॉवर सप्लायला जोडलीत आणि माझा हात मनगटाला धरून तिच्यावर नेलात. "हलवू नका, नुसती बोटं टेकवा. फिरतेय की नाही?"

फिरत होती. आधी बारीकशी थरथर जाणवली, मग वेग चढत गेला, आणि मग मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची ती एकसारखी गुणगुण बोटांच्या टोकांतून कोपरापर्यंत आली. घरी पंख्यांच्या आवाजात ती मला कधी ऐकू आली नव्हती. चार दिवस जिला सगळे मेलेली म्हणत होते, ती माझ्या हाताखाली जिवंत होती. काका, दुरुस्ती अजून व्हायची होती, पण माझी भीती तेथेच गेली. आपण तोंडाने "घाबरू नका" म्हणाला असतात, तर माझा विश्वास बसला नसता, कारण तोवर तोंडाने सांगणारे पुष्कळ भेटले होते.

पुढचे काम पाच मिनिटांचे ठरले. माझ्या मदरबोर्डवर त्या एम.२च्या खाचेत एसएसडी बसली, की साटाचे, म्हणजे हार्ड डिस्कची केबल लावायचे, दोन पोर्ट आपोआप बंद होतात आणि माझी डिस्क नेमकी त्यांतल्याच एकात होती. माहितीपुस्तिकेत हे बारीक टायपात छापलेले आहे. आयुष्यभर इतरांचा बारीक टाइप जुळवणाऱ्या माणसाने तो वाचला नाही, यावर आपण हसला असतात तरी मी रागावलो नसतो. आपण हसला नाहीत. डेटाची सात पिनांची आणि विजेची पंधरा पिनांची अशा दोन्ही केबली मी दहा वेळा काढून घातल्या होत्या, पण पोर्ट बदलून पाहावा हे सुचले नव्हते. आपण केबल शेजारच्या पोर्टात सरकवलीत, बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मांडणीच्या पडद्यावर, डिस्कचे नाव उमटले, आणि झाकण लावताना सहज म्हणालात, "वायरी मात्र नीट बांधल्यात तुम्ही." त्या दुकानातला टोमणा त्या एका वाक्याने धुऊन निघाला.

पैसे विचारले, तर "वायर इकडची तिकडे केली, त्याचे कसले पैसे?" वर ताकीद, की आजच दुसरी डिस्क घेऊन सगळे उतरवून ठेवा, आणि ती माझ्याकडूनच घ्या असे नाही. पुण्यात दुकानदाराच्या तोंडी हे वाक्य ऐकायला नशीब लागते, असे मी हसत म्हणत असे. आता म्हणणार नाही. ज्ञान पुष्कळांपाशी असते, पण समोरच्याला लहान न करता ते वापरणारी माणसे थोडी. आपण त्या थोड्यांतले आहात.

नऊही फर्मे छापखान्यात गेले. दुसरी डिस्क घेतली आहे आणि ती रोज रात्री भरते. अंक बांधून आला, की पहिली प्रत घेऊन माडीवर येईन. तेव्हा निदान चहाचे पैसे तरी मला देऊ द्यावेत, ही विनंती.

आपला ऋणी,
चादरीत कॅबिनेट गुंडाळून आलेला कोथरूडकर