वरच्या सुरापासून

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही हे ठाऊक आहे. भाची वाचून दाखवील, या भरवशावर सगळ्यांसमोर लिहिते आहे.

लहानपणी आठ वर्षं गाणं शिकलेली, पन्नाशीला टेकलेली बाई कॅम्पातल्या तुमच्या खोलीत आली, ती बाखचं चौथं, डी मायनरमधलं इन्व्हेन्शन, म्हणजे दोन सुरावटींची छोटी रचना, पियानोवर 'बसवून'. त्यात आधी उजव्या आणि मग डाव्या हाताला कित्येक बार (तालाची घरं) चालणारा ट्रिल आहे, म्हणजे शेजारच्या दोन सुरांची जलद अदलाबदल. मी तो शिलाई मशीनसारखा चालवला. तुम्ही खिडकीकडे बघत म्हणालात, "बाई, दाराची बेल वाजते. कोण आलं बघा."

मग माझे सगळे ट्रिल तुम्ही जप्त केलेत. महिनाभर प्रत्येक ट्रिलच्या जागी दोनच सूर : वरच्यावर टेका, खालच्यावर सोडा. जी मेजरमधली, सुरावट जिथे विसावते ती साधी जागा घेतलीत. खाली डी, वर एफ शार्पवर ट्रिलची खूण. सुरुवात जीपासून केली की तो जी खालच्या डीशी अडतो, आणि एफ शार्पवर उतरेपर्यंत कानाला स्वस्थता नसते. मी ट्रिलला इतकी वर्षं नक्षी समजत होते. त्यातला वजनदार सूर तर पहिलाच होता, आणि मी नेमका तोच गिळत होते.

बाखनं 1720मध्ये आपल्या नऊ वर्षांच्या थोरल्या मुलासाठी वही घातली, तिच्या सुरुवातीलाच 13 अलंकारांचा तक्ता आहे. तिथेही ट्रिल वरच्या सुरापासूनच निघतो. माझं इन्व्हेन्शन त्याच वहीतलं. नऊ वर्षांचं पोर! तुम्ही ते सांगितलंत तेव्हा मी विषय बदलला होता.

"म्हणजे आपला कणस्वरच की," असं मी उत्साहानं म्हणाले, तेव्हा तुम्ही लगेच मान डोलावली नाहीत. कणस्वर ओझरता शिवून जातो, हा ठोक्यावर येऊन बसतो, इतकंच म्हणालात. दोन्ही गाऊन बघायला लावलंत. फरक गळ्याला आधी कळला, बोटांना पुष्कळ उशिरा.

डाव्या हाताला तर भारीच उशिरा. चौथं-पाचवं बोट सोडून अंगठा आणि तिसरं बोट वापरा, बोटं पट्टीला चिकटून ठेवा, आणि उजव्या हाताच्या प्रत्येक सोळाव्या भागाला ट्रिलचे दोनच सूर मोजा. मोजणं सुटेल तेव्हा सुटू द्या. ते सुटायला मला पाच महिने लागले. त्या काळात शेजारच्या काकूंनी काय सोसलं, ते त्यांनाच विचारावं.

एका दुपारी तुम्ही मला चर्चमध्ये नेलंत आणि तोच जलद ट्रिल ऑर्गनवर वाजवायला लावलात. छतापर्यंत नुसता चिखल. बासरीवादक क्वान्ट्झनं 1752मध्ये लिहून ठेवलंय की घुमणाऱ्या मोठ्या जागेत ट्रिल संथ हवा, आणि उदास रचनेतही. मी वेग निम्म्यावर आणला आणि दोन्ही सूर वेगवेगळे ऐकू आले. तेव्हापासून कुठल्याही खोलीत वाजवायच्या आधी मी एक टाळी वाजवून बघते. लोकांना वाटतं, ही लहर आहे.

तुमच्या नियमाचा मी पुढे हट्टच धरला, हेही कबूल करते. मोझार्टपासून शोपँपर्यंत सगळं वरून! पियानोवादक हुमेलनं 1828मध्ये मूळ सुरापासून सुरुवात करा असं सांगितलं होतं, हे तुम्हीच दाखवलंत. वर म्हणालात, "नियमाला जन्मसाल असतं, बाई. आधी ते विचारा." आता नवी रचना हातात आली की मी साल बघते, मग पेन्सिल उचलते.

तुम्ही गोव्याला परतल्यापासून मला चूक सांगणारं कुणी नाही. पुढच्या महिन्यात मडगावला येते आहे. उजवा हात बरा आहे, डावा अजून शेवटच्या दोन बारांत दमतो. पियानो ट्यून करून ठेवा, नाहीतर राहू द्या तसाच, पण ऐकून घ्या.

तुमची,
बेलवाली विद्यार्थिनी