पेढे दिवसपाळीच खाते

चि. मनू,

रविवारी फोनवर तू विचारलंस की आई, आमच्या हॉस्पिटलात स्टाफला आणि टीमला अवॉर्ड द्यायचे ठरलेत, ते कोणाला द्यायचे हे मलाच ठरवायचंय, तर बाबांच्या खुब्याच्या ऑपरेशनच्या वेळचं काही सांग ना. मी नेमकी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, म्हणून "सगळेच चांगले होते गं" एवढं बोलून फोन ठेवला. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. सगळे चांगले होते म्हणजे काय, कोणाचं नावसुद्धा मला सांगता येत नाहीये. म्हणून हे लिहायला बसले, मोबाईलवर टाईप करतेय, ऱ्हस्व-दीर्घ तुझं तू बघून घे.

डिस्चार्जच्या दिवशी मी दोन किलो पेढे आणवले होते, आठवतं? सकाळी नऊला सुट्टी म्हणाले आणि इन्शुरन्सवाल्यांचं अप्रूव्हल यायला अडीच वाजले (त्यावर आता बोलत नाही, बाबांचं बीपी वाढतं). तेव्हा जे ड्युटीवर होते त्यांनी पेढे खाल्ले, गोड लोक होते, वाद नाही. पण ज्यांच्यासाठी आणले त्या सगळ्या घरी जाऊन झोपलेल्या, त्या नाईटच्या. रात्री दोन वाजता कोणाला डिस्चार्ज मिळतो सांग? म्हणजे पेढे कायम दिवसपाळीच खाते. तो पाच स्टारवाला फॉर्म पण दुपारीच भरून घेतात, वर "मॅडम, फाईव्ह देजो हं" म्हणत उभे. तुझे अवॉर्डपण असेच दुपारी वाटले जाणार, आत्ताच सांगून ठेवते.

ऑपरेशननंतरची दुसरी रात्र मी तुला कधी नीट सांगितलीच नाही, उगाच काळजी नको म्हणून. बाबांना भ्रम झाला होता. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना होतो म्हणे, डिलिरियम. रात्री दीडला उठून बसायला बघतायत, सलाईन उपटायला जातायत आणि एकच धोशा, स्ट्राँगरूमची चावी कुठाय, ऑडिटवाले आलेत. बँक सोडून अकरा वर्षं झाली तरी चावी सुटली नाही बघ. मी रडकुंडीला आले, म्हणत होते अहो तुम्ही हॉस्पिटलात आहात, तसतसे ते जास्तच चिडत होते. सिस्टरने डॉक्टरांना फोन लावला आणि तेवढ्यात त्या आयाबेन आल्या (तुमच्या पुण्यात मावशी म्हणतात त्या, इथे बडोद्यात आयाबेन). काही बोलल्या नाहीत. कमरेची स्वतःच्या लॉकरची किल्ली काढली, बाबांच्या तळहातावर ठेवून मूठ मिटली आणि म्हणाल्या, "साहेब, चावी तमारी पासे ज छे, हवे सूई जाओ." आणि माणूस झोपला गं! ती मूठ सकाळी सहाला उघडली. ड्युटी संपल्यावर बाईंना घरी जायचं होतं पण पर्स लॉकरमध्ये आणि किल्ली साहेबांकडे, तर त्या बाहेर बाकावर बसून राहिल्या, उठवलं नाही त्यांनी.

आता हे कुठल्या निकषात बसवणार तू?

दुसरं म्हणजे पाठ. दर दोन तासांनी कूस बदलायची, दोन पायांमध्ये उशी ठेवून, नवीन सांधा निसटता कामा नये म्हणून. एकट्याचं कामच नाही ते. सिस्टर खांदा धरणार, ब्रदर कंबर, आयाबेन पाय आणि उशी, आणि मग "एक, बे, त्रण". एकाने जरी आधी हात मारला तर बाबा ओरडायचे, पण तीन दिवसांत एकदाच ओरडले. पाठीवर एक लाल चट्टासुद्धा आला नाही. सर्जनचं काम एक्सरेत दिसतं, बाबा अजून पाहुण्यांना दाखवतात तो, या तिघांचं काम कुठे दिसणार, जे झालंच नाही त्याचा फोटो कसा काढायचा. म्हणून म्हणते, तुम्ही क्वालिटीवाले बेडसोरचे आकडे ठेवताच ना, मग ज्या वॉर्डात ते सगळ्यात कमी त्या वॉर्डाची रात्रपाळी कोण होती ते एकदा बघ.

टीमचं विचारलं होतंस. बाबांना कमरेतून भूल दिली होती, जागे होते. ते सांगतात की चिरण्याआधी सगळे थांबले आणि एकेकाने आपलं नाव आणि काम सांगितलं. बाबांना वाटलं लग्नाची बोलणी सुरू झाली! नंतर तूच सांगितलंस की ही WHO ची ऑपरेशनच्या सुरक्षेची यादी आहे, 2008 ची, 19 मुद्द्यांची, आणि त्यामागे अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे. त्यांच्या वडिलांचं गाव आपल्या यवतमाळकडचं, म्हणून बाबा तर जणू सोयरिकच असल्यासारखं सांगत फिरतात. पण मला पटलं ते. ज्याचं नाव ठाऊक आहे त्याला माणूस "अहो, हे चुकतंय" म्हणू शकतो. वॉर्डात मात्र कोणी नाव सांगत नाही, बिल्ले असतात पण दोरीला उलटेच लटकतात.

आणि पूर. ऑगस्ट 2024, जन्माष्टमीचे दिवस, विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, पूल बंद, तुझी गाडी कॅन्सल. तिकडची नर्स इकडे येऊ शकेना, मग जी पाळी होती तीच राहिली, रात्रीची सकाळी आणि सकाळची परत रात्री. डिझेल वाचवायला जनरेटरवर फक्त आयसीयू आणि ओटी, लिफ्ट बंद. जेवणाची ताटं चौथ्या मजल्यावर कशी आली माहितीये? जिन्यात साखळी. सिक्युरिटीवाला, लॅबची मुलगी, औषधाच्या दुकानातला पोऱ्या, आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर घामाघूम तो बिलिंगचा मुलगा, ज्याला मी आठवडाभर शिव्या घालत होते (मनात). खिचडी होती, ताक नव्हतं, पण गरम पोचली. तेव्हापासून मी त्याला नावं ठेवत नाही. फार नाही.

महिनाभराने फॉलोअपला गेलो तर लॉबीत पुराच्या कामाबद्दलची मोठी ट्रॉफी काचेत, आणि शेजारी फोटोत ती हातात घेतलेले दोन मोठे डॉक्टर आणि मॅनेजर. असतील तेही राबले, मी पाहिले नाहीत एवढंच. आयाबेनना विचारलं तर हसल्या, म्हणाल्या आम्ही एजन्सीचे, आमचं नाव इथल्या यादीत नसतंच. मनू, हे मात्र लक्ष देऊन वाच. सफाईवाले, आया, वॉर्डबॉय बऱ्याच ठिकाणी कॉन्ट्रॅक्टवर असतात, आणि एचआरची लिस्ट घेऊन बसलीस तर ते तुला दिसणारच नाहीत. आधी ती लिस्ट दुरुस्त कर, निकष मग काढ. आणि टीमला द्यायचंच तर एक ट्रॉफी एचओडीच्या केबिनसाठी नको, त्या पाळीतल्या प्रत्येकाच्या हातात काहीतरी पडू दे, एक जास्तीची सुट्टी दिलीस तरी ट्रॉफीपेक्षा बरी.

तू पाठवलेलं ते अमेरिकेतलं डेझी अवॉर्डचं पण वाचलं. पॅट्रिक बार्न्स, 33 वर्षांचा मुलगा, 1999 मध्ये गेला, घरच्यांनी त्याच्या आठवणीत नर्सेससाठी सुरू केलं, आणि नावं पेशंट आणि घरचे लोक सुचवतात, हे आवडलं. पण मी थांबले ती त्या दालचिनीच्या रोलपाशी. आजारपणात अन्नावरची वासना गेलेली, वडिलांनी आणलेला तो रोल त्याने खाल्ला आणि म्हणाला उद्या नर्सेसना पुरतील एवढे आणा. म्हणून अजून अवॉर्डबरोबर ते रोल वाटतात. एकदम पेढ्यांची आठवण झाली. त्या मुलाला जे सुचलं ते मला धडधाकट असून सुचलं नाही.

तर गुरुवारी बाबांचा एक्सरे आहे, संध्याकाळची वेळ मुद्दाम मागून घेतली. लीलो चेवडो घेतलाय, अर्ध्या-अर्ध्या किलोची चार पाकिटं, पेढे रात्री कोण खाणार. नाईटवाले आठला येतात, तोवर खाली बसून राहू. आयाबेन अजून तिथेच आहेत का ते बघते, असल्या तर नाव विचारून घेते. बाबा म्हणतायत रात्री रिक्षा मिळणार नाही. म्हटलं चालत येऊ दांडियाबाजारापर्यंत, खुबा नवीन आहे ना तुमचा.

तुझी
आई